रांगेतले आठ निरोप

धाराशिवला जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक सरांनी मला एकच अवघड प्रश्न विचारला होता. "समज, मधेच जोडणी तुटली. तुझ्या रांगेत थांबलेल्या निरोपांचं काय होतं?"

मी जराही न अडखळता सांगितलं, "सर, एकही हरवत नाही. जोडणी परत आली की सगळे जातात. ज्या क्रमानं दाबले त्याच क्रमानं."

सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि माझा दुसरा नंबर आला. पहिला नंबर ज्यांचा आला त्यांचा ज्वालामुखी होता, त्यातून फेस यायचा. पण राज्यपातळीला आम्ही दोघंही निवडलो गेलो, म्हणून मी त्या फेसाबद्दल काही बोलत नाही.

येताना एस्टीत आमच्या अयोध्या मॅडम शेजारी बसल्या होत्या. मुरुमचा स्टँड यायला अजून तासभर होता. त्या म्हणाल्या, "महेश्वरी, निरोपाला वय असतं गं. काल पाठवलेलं 'ये' आज पोचलं, तर माणूस आज येऊन काय करील?" माझ्या तोंडात वडापाव होता, मी मान हलवली. बक्षीस मिळालेल्या गोष्टीला कोण हात लावतं?

माझी गोष्ट म्हणजे तीन डबे. आमचं घर गावात, आणि विहीर मळ्यात, माळाच्या पलीकडं. मधे चढ असल्यामुळं घरावरून विहीर दिसत नाही आणि रेडिओला पण दिसत नाही. म्हणून एक डबा घरी, एक विहिरीवर मोटारीच्या स्टार्टरला जोडलेला, आणि मधला डबा गावाच्या टोकाला रुद्रम्मा मावशींच्या गच्चीवर, पाइप उभा करून त्यावर बसवलेला. घरी हिरवं बटण दाबलं की निरोप मावशींच्या गच्चीवर जातो, तिथून विहिरीवर, आणि मोटार चालू. लाल दाबलं की बंद. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोटारीसाठी रोज दोनदा माळ चढून जावं लागायचं ते वाचलं. गावात ते सगळ्यांना सांगत सुटले होते. "आमची महेश्वरी घरात बसून पाणी सोडती," म्हणून.

डब्यातला रेडिओ चालवणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो मी स्वतः लिहिला होता. निरोप पाठवायचा, पलीकडून 'पोचलं' असं उत्तर येईस्तोवर थांबायचं. उत्तर आलं की तो निरोप रांगेतून खोडायचा आणि दहा सेकंदांनी पुढचा सोडायचा. उत्तर आलं नाही तर रांग धरून बसायचं आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा. रांग मी मेमरी कार्डावर लिहून ठेवत होते, म्हणजे लाइट गेली, बॅटरी संपली, तरी डबा उठल्यावर जिथं थांबला होता तिथून सुरू. मला त्याचा इतका अभिमान होता की डबा चालू झाल्यावर पडद्यावर आधी 'नमस्कार, मी महेश्वरीचा डबा' असं अक्षर अक्षर करून यायचं, मग फुलं यायची, आणि मग तो कामाला लागायचा.

एकच अडचण होती. अप्पांची सवय. विहिरीत उतरायचं असलं की ते स्टार्टरजवळच्या पेटीतल्या तिन्ही किटकॅट उपटायचे, म्हणजे त्या चिनीमातीच्या पांढऱ्या फ्यूज, आणि सदऱ्याच्या खिशात टाकून मग खाली जायचे. आजोबा तसं करायचे, म्हणून ते पण. आमच्याकडं सगळेच करतात. खाली मोटारीत हात असताना वर कुणी चालू करू नये म्हणून. खिसा जड झाल्याशिवाय पायरीवर पाय टाकत नाहीत. पण विहिरीवरच्या माझ्या डब्याला वीज त्या किटकॅटच्या पुढूनच होती. त्या काढल्या की डबा मरायचा, मोटार कधी चालली-थांबली त्याच्या माझ्या आलेखात भोक पडायचं आणि मला राज्यपातळीसाठी महिनाभराचा सलग आलेख दाखवायचा होता. म्हणून मी एक कागद छापून, प्लास्टिकमध्ये घालून त्या पेटीवर चिकटवला. 'फ्यूज काढू नये. मोटार डब्यावरून बंद ठेवावी. – महेश्वरी.'

अप्पांनी तो बोट फिरवत मोठ्यानं वाचला. "पोरीचा हुकूम हाय," म्हणाले. "पाळावा लागंल."

हे सगळं आधी सांगितलं, कारण त्या रविवारी मला हे एकेक करून आठवत गेलं.

रविवारी सकाळी सृष्टी आली होती. ती माझी वर्गातली मैत्रीण. राज्यपातळीवाल्यांना तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा होता, तिच्याकडं चांगला मोबाइल होता. मी नवा ड्रेस घातला, केसाला पाणी लावलं, आणि डब्यासमोर उभी राहिले.

"नमस्कार, मी महेश्वरी शिवपुत्र पाटील. आता मी हे हिरवं बटण दाबत आहे..."

दाबलं. पडद्यावर आलं, 'मधला डबा: पोचलं. विहीर: वाट बघतोय.'

मोटार चालू झाली की 'विहीर: चालू' असं यायला पाहिजे होतं. आलं नाही.

"पुन्हा घे," सृष्टी म्हणाली. "तसंही तू 'नमस्कार' लग्नातल्या करवलीसारखं म्हणतीस."

पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. चौथ्या वेळी आई मधून गेली. पाचव्या वेळी मीच हसले. सहाव्या वेळी सगळं छान झालं पण विहीर वाट बघतच राहिली. सातव्यांदा मी बटण जोरात दाबलं, जसं काही जोरात दाबल्यानं निरोप जास्त लांब जातो. 'रांग: ७'.

"तुझा डबा रुसला," सृष्टी म्हणाली.

"डबा नाही रुसला. मधून विहिरीकडं जोडणी तुटलीय. मावशींच्या गच्चीवर काहीतरी आहे." मी लगेच ओळखलं आणि ओळखल्याचा मला आनंदच झाला. मी मावशींना फोन लावला, सृष्टीला ऐकू यावा म्हणून स्पीकरवर.

"मावशी, गच्चीवर काही वाळत घातलंय का?"

"वाकळी हाईत की. जत्रा आठ दिवसांवर आली, धुवाव्या लागतात का न्हाय? चार हाईत. एक तुझ्या त्या पाइपावर टाकली बघ. लई सोयीचा हाय पाइप."

सृष्टीनं तोंडावर हात दाबला. जुन्या लुगड्यांची ओली जाड वाकळ म्हणजे पाण्यानं भरलेली भिंत. त्यातून माझा बारका रेडिओ कुठला पार जातोय.

"ती काढा मावशी. दुसरीकडं टाका."

"वली हाय अजून, लई जड हाय. बरं, तव्यावरची भाकरी उतरवती आन् जाती. तू आमच्या गच्चीची मालकीणच झालीस."

मी फोन ठेवला आणि सृष्टीला म्हणाले, "हे पण व्हिडिओत घ्यायचं. अडचण कशी शोधली ते."

तेवढ्यात आई दारात आली. "मोटारीशी खेळू नका गं आता. अप्पा विहिरीत उतरलेत. कपलिंगचे रबर गेलेत म्हणत होते."

कपलिंग म्हणजे मोटार आणि पंप यांच्या मधली लोखंडाची दोन दातेरी चाकं, त्यांच्या दातांत रबराचे तुकडे बसवलेले असतात. ते बदलायचे म्हणजे बोटं त्या दातांच्या मधे घालावी लागतात. मोटार चालू झाली तर ते चाक मिनिटाला चौदाशे वेळा फिरतं. हे मी प्रदर्शनात तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं.

"कधी गेले?" मी विचारलं.

"झाला की अर्धा तास."

मी आधी म्हटलं, किटकॅट काढल्याच असतील. मग मला माझा कागद दिसला. प्लास्टिकमधला, चारी कोपरे चिकटपट्टीनं घट्ट दाबलेला.

मी अप्पांना फोन लावला. स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर, चार्जिंगला लावलेला त्यांचा फोन वाजायला लागला.

"काय झालं?" आई म्हणाली.

मी मावशींना लावला. रिंग जात होती, कोणी उचलत नव्हतं. भाकरी उतरली असणार. मावशी जिना चढत असणार.

"महे, लाल दाब ना," सृष्टी म्हणाली. "बंद कर."

बरोबर. मी लाल दाबलं. पडद्यावर आलं, 'रांग: ८'.

मी त्या आकड्याकडं बघत राहिले. लाल निरोप गेला होता, पण सात हिरव्यांच्या मागं जाऊन शहाण्या मुलासारखा उभा राहिला होता. ज्या क्रमानं दाबले त्याच क्रमानं. वाकळ निघाली की आधी चालू, मग चालू, मग चालू, सात वेळा, आणि सगळ्यात शेवटी बंद. घरचा डबा फोडून टाकला तरी उपयोग नव्हता. निरोप घरी नव्हतेच. ते मावशींच्या गच्चीवर बसले होते.

"तू मावशींना फोन लावत राहा," मी सृष्टीला म्हणाले. "उचलला की सांग, वाकळ काढू नका. आई, तू कोणाला तरी विहिरीवर पाठव. अप्पांना वर काढा."

"अगं पण झालं काय?"

मी सांगायला थांबले नाही. चप्पलपण घातली नाही.

मावशींचं घर आमच्यापासून चार-पाच मिनिटांवर. देवळासमोर जत्रेचा मांडव घालत होते, बांबू आडवे पडले होते, ते ओलांडताना नवा ड्रेस फाटला. माइक लावून कोणीतरी "हॅलो, हॅलो, एक दोन" म्हणत होतं. पारावरचे रामहरी आजोबा मोठ्यानं म्हणाले, "महेश्वरीबाई, कुठं निघाली पळत? दहावीचा पेपर फुटला का काय?" चार जण हसले. मला सांगायचं होतं की तुमच्यापैकी कोणीतरी मळ्याकडं पळा, पण मला श्वास घ्यायचा का बोलायचं तेच कळेना, आणि मी पुढं गेले.

पळताना मी फक्त अप्पांचा उजवा हात बघत होते. त्या हाताच्या अंगठ्याला लहानपणापासून एक जुना व्रण आहे, कडबा कापताना लागलेला. तो हात मला इतका स्पष्ट कधी दिसला नव्हता. मी मनात म्हणत होते, भाकरी करपू दे. मावशींची भाकरी करपू दे, त्यांना खालीच थांबू दे.

अंगणात मावशींचा फोन जात्यावर ठेवलेला होता आणि वाजत होता. त्यावर सृष्टीचा नंबर.

मी जिन्यानं वर गेले. मावशी पाइपाजवळ उभ्या होत्या, वाकळ निम्मी खांद्यावर, निम्मी कठड्यावर. पाणी अजून निथळत होतं. मला बघून म्हणाल्या, "आली का खात्री करायला? काढली बघ. माझा खांदा मोडायचा ऱ्हायला."

मी डब्याचं झाकण उघडलं.

'रांग: ७'.

हिरवा दिवा लुकलुकत होता. पुढचा निरोप निघायच्या तयारीत होता. मी बॅटरीची वायर धरली आणि ओढली. पडदा काळा झाला.

"काय गं, काय केलंस?" मावशी म्हणाल्या. "पांढरीफटक पडलीस."

"अप्पा विहिरीत आहेत," मी म्हणाले. "एक गेला."

"कोण गेला?"

आठातला एक खोडला गेला होता, म्हणजे विहिरीवरून 'पोचलं' आलं होतं. म्हणजे मोटार चालू झाली होती. आत्ता, या घडीला ती चालू होती. मी माळाकडं बघितलं. उन्हात नुसतं गवत हलत होतं. तिथून आवाज येणं शक्यच नव्हतं.

आणि मग मला दुसरी गोष्ट कळली. बंद करायचा निरोप पण याच डब्यात होता. मी वायर ओढून त्यालाही कोंडून ठेवलं होतं. माझ्या हातात काळा पडदा, आणि तिकडं मोटार फिरतेय.

विहिरीपर्यंत पळायला दहा मिनिटं. डबा पुन्हा लावला तर सहा हिरवे जाणार, पण चालू असलेल्या मोटारीला चालू म्हटल्यानं काय होतंय, आणि सातवा लाल. सत्तर सेकंद. दहा मिनिटांपेक्षा सत्तर सेकंद कमी. मी तीनदा हिशेब केला. वायर खाचेत बसेना. मावशींनी वाकळ टाकली आणि माझं मनगट धरलं. तेव्हा बसली.

पडदा उजळला. 'न'. मग 'म'. मग 'स्का'.

मी त्या डब्याला शिव्या दिल्या. मावशींच्या समोर, मोठ्यानं. 'नमस्कार, मी महेश्वरीचा डबा.' मग फुलं. एकेक पाकळी.

'रांग: ७'. दिवा लुकलुकला.

'रांग: ६'.

गेला. म्हणजे विहिरीवरचा डबा जिवंत होता. म्हणजे किटकॅट जागेवर होत्या. म्हणजे अप्पा वर येऊन त्या काढू शकले नव्हते. मी हा विचार करायला नको होता, पण तो आला, आणि मग प्रत्येक आकडा तेच सांगायला लागला.

'रांग: ५'. अप्पा अजून वर आले नाहीत.

दहा सेकंद. मावशी काहीतरी पुटपुटत होत्या, देवाचं.

'रांग: ४'. अप्पा अजून वर आले नाहीत.

दहा सेकंद. बारा. पंधरा.

'रांग: ४'.

मी पाइपाकडं बघितलं. वाकळ खाली पडलेली होती, अँटेना उघडी, समोर काहीच नव्हतं. दिवा लुकलुकत होता, डबा पाठवत होता, पलीकडून कोणी उत्तर देत नव्हतं.

'रांग: ४'. 'विहीर: वाट बघतोय'.

एकतर माझा रेडिओ बिघडला होता. नाहीतर विहिरीवर कोणीतरी त्या तीन किटकॅट उपटल्या होत्या. आणि किटकॅट उपटायला माणूस वर यावा लागतो, आणि त्याला हात असावा लागतो.

मी वायर पुन्हा ओढली, यावेळी तोडूनच टाकली, आणि पळाले. मागून मावशींची हाक ऐकू आली, "बलभीम, गाडी काढ, मळ्यात जा." पण मावशींचा मुलगा गाडी काढेपर्यंत मी माळावर होते. तिथून गाडीला तसंही वाट नाही, गाडीला नाल्याकडून वळसा घालावा लागतो.

माळाच्या माथ्यावरून विहीर दिसते. कट्ट्यावर कोणीतरी बसलं होतं. मान खाली. मी "अप्पा" म्हणून ओरडले, त्यांनी मान वर केली नाही. मी पुन्हा ओरडले. तेव्हा एक हात वर झाला. डावा.

उतारावर मी दोनदा पडले.

अप्पा कट्ट्याला टेकून बसले होते. उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला, टॉवेल लाल. सदऱ्याची उजवी बाही खांद्यापासून गेलेली. मांडीवर तीन पांढऱ्या किटकॅट. आणि शेजारी माझा कागद, मधोमध फाटलेला.

"तुझा हुकूम मोडला बघ," ते म्हणाले. ओठ कोरडे पडले होते.

मी टॉवेलाकडं बघत होते. "हात?"

"हाय. बोटं बी हाईत, मोजली. दोन मोडली असतील." मग मला पाणी द्यायला सांगितलं. मी तांब्या धरला तर निम्मं पाणी त्यांच्या छातीवर सांडलं.

ते थांबत थांबत बोलत होते. "रबर बसवत होतो. एक रबर खाली पडला, तो उचलाया वाकलो, पाना चाकातच ऱ्हायला. आन् फिरली की. पाना आला मनगटावर, बाही वढून नेली. दोन बोटं दातात गेली अन् निघाली. मी भिंतीला चिकटून ऱ्हायलो. मग पायऱ्या चढून वर आलो, स्टार्टरचं लाल बटण दाबलं, बंद झाली."

"कधी वर आला तुम्ही?"

"लगीच. खाली थांबून काय करायचं? बंद झाली तसं म्हणलं, पाना चाकाखाली अडकलाय, काढून आणावा, न्हायतर परत चालू झाली तर मोटार जाईल. दोन पायऱ्या उतरलो, का आपोआप चालू. परत दाबलं. परत चालू. तीनदा. भूत लागल्यागत. तवा म्हणलं, खड्ड्यात गेला कागद, आन् किटकॅट उपटली."

तीनदा. सात, सहा, पाच, चार.

म्हणजे गच्चीवर मी चुकीचा विचार केला होता. मी समजले होते की आकडा उतरतोय म्हणजे अप्पा खाली अडकलेत. ते वर आलेले होते, मोटार बंद झालेली होती, आणि मी हिशेब करून, तीनदा करून, ती पुन्हा चालू केली होती. ते दोन पायऱ्या उतरले असताना. चार-पाच पायऱ्या जास्त उतरले असते तर. मी कट्टा धरून खाली बसले आणि मला उलटी झाली.

"असं काय गं," अप्पा म्हणाले. "मला लागलंय, अन् तू वकतीस."

मी तोंड पुसलं. कोणाला काही कळणार नव्हतं, हे मला त्या क्षणी अगदी नीट कळत होतं. मोटार जुनी, स्टार्टर जुना, अप्पांच्या भाषेत भूत. मी गप्प बसले असते तर भूतच राहिलं असतं.

"अप्पा, मी चालू केली."

"तू तर पळत आलीस."

"मघाशी दाबलं होतं. व्हिडिओ काढताना. सात वेळा."

"मघाचं, आत्ता?"

"मावशींची वाकळ आडवी होती. निरोप थांबून होते. वाकळ निघाली आणि सुटले."

अप्पांनी दुखऱ्या हाताची मूठ टॉवेलात जरा हलवून बघितली, डोळे मिटले, उघडले. "मघाशी दाबलं तवा चाललं न्हाय. मग ते तवाच मेलं पायजे की गं. दाबणारी तू, तुला तरी ध्यानात होतं का, काय काय दाबलंय ते?"

"नाही."

"मग डब्यानं कशाला ध्यानात ठेवलं?"

मला हुंदका आला. ते रागावले नव्हते, खरंच विचारत होते, म्हणून जास्त आला. तेवढ्यात नाल्याकडून बलभीमदादाच्या गाडीचा आवाज आला. अप्पा उठले, किटकॅट डाव्या हातात घेतल्या आणि माझ्या ओढणीत टाकल्या.

"चार निरोप अजून आहेत त्यात," मी म्हणाले. "मी वायर तोडलीय, पण आहेत."

"मग ह्या कुणाला देऊ नको."

मुरुमच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांचं. मधलं बोट आता शेवटपर्यंत पूर्ण वळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आईनं चार दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी ताटात भाकरी वाढताना म्हणाली, "खा. उपाशी राहून कोणाचा हात बरा होत नाही."

मी सगळं पुसलं. ती ओळ, जिच्यासाठी मला नंबर मिळाला होता, ती पहिली. आता ड्रायव्हर असा आहे: जोडणी तुटली असं दिसलं की रांग तिथल्या तिथं रिकामी करायची, कार्डावरची पण. जोपर्यंत जोडणी नाही तोपर्यंत नवीन निरोप घ्यायचाच नाही. आणि गप्प बसायचं नाही, बटण दाबणाऱ्याला तिथंच सांगायचं, 'गेलं नाही. टाकून दिलं. जोडणी आल्यावर हवं असेल तर पुन्हा दाबा.' शिवाय प्रत्येक निरोपावर वेळ लिहिलेली, आणि विहिरीचा डबा पाच सेकंदांपेक्षा जुना निरोप मानत नाही. लाल कधीच रांगेत उभा राहत नाही, सगळ्यांच्या पुढं जातो. फुलं काढून टाकली.

अयोध्या मॅडमना दाखवायला गेले तेव्हा त्यांनी ओळ अन् ओळ वाचली. एस्टीतलं काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "तपासलंस कसं?"

"मावशींकडून वाकळ मागून आणली. ओली करून पाइपावर टाकली, हिरवं दाबलं, वाकळ काढली. चाळीस वेळा."

"आणि?"

"एकदाही चालू झाली नाही. तरी प्रत्येक वेळी वाकळ काढताना मी डोळे मिटते."

"मिट," मॅडम म्हणाल्या.

व्हिडिओ नवा काढला. त्यात मी सांगितलं की आधी काय लिहिलं होतं आणि त्यामुळं काय झालं. सृष्टी म्हणाली, असं सांगितलं तर नंबर येणार नाही. नाही आला तर नाही.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या रविवारी अप्पा म्हणाले, "कपलिंग अर्धंच ऱ्हायलंय." उसाची पानं वळायला लागली होती, थांबून चालणार नव्हतं. मी त्यांच्यासोबत गेले. जाताना या वेळी पायात चप्पल होती. मी म्हणाले, माझा डबा मी आधीच सोडवून घरी ठेवलाय, आज तो इथं नाहीच. ते म्हणाले, "बरं केलंस," आणि पेटी उघडून एक, दोन, तीन किटकॅट उपटल्या. डाव्या हातानं. उजव्याची पकड अजून आली नव्हती.

खिशात टाकायला गेले आणि थांबले. वाकलं की खिशातून पडतील, असं काहीतरी पुटपुटले, आणि माझ्या हातात दिल्या.

मी कट्ट्यावर बसले. दोन्ही हातांत धरून, मांडीवर, घट्ट. चिनीमाती उन्हानं कोमट होत गेली. खालून पान्याचा आवाज यायचा, ठक, ठक, मग थांबायचा. थांबला की मी वाकून बघायचे.

"अप्पा?"

"हाय. तुझ्याकडं हाईत न्हवं?"

"तिन्ही आहेत."

परत ठक, ठक. परत शांतता. मी पुन्हा मोजल्या. हातातच होत्या, मोजायची काही गरज नव्हती, तरी ते वर येईपर्यंत मी मोजतच होते.